पत्र्यामागची लक्ष्मी

माझ्या चित्रांत दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत, अशी तक्रार तुम्ही दोघा नातवंडांनी परदेशातून फोनवर केली होती. त्या मुद्दामच तशा आहेत. बेळगावात रस्त्याकडेला स्टूल टाकून चित्र काढायला बसलं की थोड्याच वेळात मागे कोणीतरी येऊन उभं राहतं. आधी इमारतीकडे बघतं, मग माझ्या कागदाकडे, आणि मग हमखास विचारतं, "पाटी मराठीत लिहिणार का कानडीत?" खडेबाजारातल्या एका जुन्या दुकानाचं चित्र काढताना एकाच सकाळी हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी आला. तेव्हापासून मी पाटीच्या जागी कागद ओला करते, त्यावर तांबड्या आणि निळ्या रंगाचे ठिपके सोडते आणि त्यांना आपसांत मिसळू देते. बघणाऱ्याला ती आपलीच पाटी वाटते. चित्र सुखरूप घरी येतं, आणि मीही.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि नोकरीभर मी इंग्रजीच शिकवलं. कागद समोर आला की आधी समास आखायचा, ही सवय हाडात मुरली आहे. स्वयंपाकघरातले डबे मी अक्षरवार लावते म्हणून तुमचे बाबा अजून हसतात. निवृत्तीनंतर जलरंग शिकायचे ठरवले तेव्हा अशा माणसाला इमारतीच बऱ्या वाटल्या. झाड हलतं, माणूस उठून जातो, गाय तर आपल्याच कागदाकडे चालत येते. इमारत बिचारी जागेवर असते. आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी रविवारी सकाळी आमच्या चित्रकलेच्या सरांबरोबर निघतो. कॅम्पातले कौलारू बंगले, किल्ल्याचा दरवाजा, शहापुरातल्या गल्ल्या, सगळं झालं. सर वयानं माझ्या निम्मे आहेत. माझं पहिलं चित्र त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, घर अगदी सरळ उभं आहे. पण आत कोणी राहतं असं वाटत नाही."

मी ते वाक्य मनाला लावून घेतलं नाही. घर सरळ उभं राहणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

गेल्या दिवाळीनंतर तुमच्या निपाणीच्या आज्जीचा फोन आला. आम्ही दोघी एकमेकींच्या विहिणी, म्हणजे त्याच नातवंडांवर हक्क सांगणाऱ्या दोन म्हाताऱ्या. आमचं बरं आहे, पण थोडं सांभाळूनच असतं. मी बेळगावी कुंद्याचा डबा पाठवला तर तिच्याकडून दुप्पट काहीतरी परत येतं.

"ईनबाई," ती म्हणाली, "तुमी जुन्या घरांची चित्रं काढतासा न्हवं? मग आमच्या वखारीचं एक काढा. संक्रांतीनंतर मोडाय घेणार हाय."

तुमच्या आईचं बालपण त्या वखारीच्या माडीवर गेलं. खाली तंबाखूची बोदं, म्हणजे माणसाएवढी भरलेली पोती, आणि वर राहतं घर. आता सगळे नव्या बंगल्यात राहतात (वास्तुशांती तेवढी तेव्हा व्हायची होती), पण आज्जी रोज सकाळी वखारीत येते आणि पेढीवर बसते. तुमचे निपाणीचे आजोबा गेल्यापासून तंबाखूचा धंदा तीच बघते. चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळून नाकाशी नेली की माल कुठल्या गावचा ते सांगते. तुमचा मामा त्या जागी दुकानांची नवी इमारत बांधतो आहे, आणि आज्जीची त्याला ना नाही. "भिंतीत ओल आलीया, पोरगं म्हणतंय ते खरं हाय," असं तिनं सरळ सांगितलं. तिची अट एकच होती.

"लक्ष्मी तेवढी नीट दिसाय पायजे चित्रात," ती म्हणाली. "ती आमी काढून नव्या घरावर बसवणार हाय. कोनाडा तयार हाय."

वखारीच्या माथ्यावर लक्ष्मी आहे हे मला तेव्हाच कळलं. इतक्या वर्षांत मी तिथं कितीदा गेले, पण कधी दिसली नव्हती.

मी यादी करून सामान भरलं. कागद लाकडी फळीवर चिकटपट्टीनं ताणून बसवला, ब्रश, रंगांची पेटी, पाण्याचा स्टीलचा डबा, घडीचं स्टूल, टोपी. तवंदी घाट उतरला की निपाणी जवळ आल्याचं नाकालाच कळतं. बाजारातल्या वखारीच्या बोळात तर हवाच तपकिरी असते. मी पोचले तेव्हा आज्जी नुकतीच आली होती. पेढीचं कुलूप काढण्याआधी ती दोन पावलं मागे सरकली, मान वर केली आणि हात जोडले. मीही वर पाहिलं. वर गंजलेल्या पत्र्यांचं लांबलचक छप्पर होतं. बोदं भिजू नयेत म्हणून ते दारापासून थेट रस्त्याच्या मध्यापर्यंत पुढे काढलेलं होतं, आणि त्याच्यावरचं काहीसुद्धा खालून दिसत नव्हतं.

"लक्ष्मी कुठे आहे?" मी विचारलं.

"पत्र्याच्या मागं," आज्जी म्हणाली. "मी लगीन होऊन आलो तवा सासऱ्यांनी दारात सांगितलं, पोरी, वर लक्ष्मी बसलीया, आत जायाच्या आदी तिला नमस्कार कर. तवापासनं करतो."

आमच्या भागात बायकाही 'मी आलो, मी करतो' असंच म्हणतात, तुम्ही त्याचं नवल करू नका. नवल मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं.

"पण तुम्ही पाहिली आहे ना?"

"पत्रे माझ्या आदीपासनं हायत," ती म्हणाली आणि आत जाऊन गल्ल्यावर बसली.

मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला स्टूल मांडलं. बोळ इतका अरुंद की पाठ समोरच्या भिंतीला लागली. तिथून दिसत होते पत्रे, पत्र्यांखालचा अंधार आणि जाणाऱ्या मोटारसायकलींची हँडलं. तरी पेन्सिल फिरवत राहिले. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

"ओ बाई, पत्र्यांचं चित्र काढतायसा व्हय?"

समोरच्या घराच्या माडीवर लाकडी गज लावलेली पडवी आहे. तिथून एक आक्का खाली वाकून बघत होत्या. आज्जीच्याच वयाच्या, नाकात मोठी चमकी.

"वर या की," त्या म्हणाल्या. "खालनं काय डोंबल दिसतंय?"

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. समोरचं घरही तंबाखूवाल्यांचंच. आज्जी आणि त्या आक्का एकाच वर्षी लग्न होऊन त्या बोळात आल्या, एकमेकींच्या बाळंतपणात उठबस केली, तीही माजघरापर्यंतच; दुसऱ्या घरच्या सुनेनं रस्त्याकडच्या पडवीत जायचं नाही, असा तेव्हाचा दंडक. मग आक्कांच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं घरच्या माणसानं दारात येऊन, हातावर अक्षता ठेवून करायचं असतं. आक्कांच्या दिवाणजींनी पत्रिकांची सगळी पाकिटं एका दमात लिहिली, तिकिटं लावली आणि पोस्टात टाकली. त्यांत आज्जीच्या घरचंही पाकीट गेलं. बोळ ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात शिंकही पुरी होत नाही, आणि पत्रिका आली पोस्टमनच्या हातून, शिक्का मारून. तुमच्या निपाणीच्या आजोबांनी ते पाकीट न फोडता देवळीत ठेवलं. लग्नाला कोणी गेलं नाही. आक्कांना वाटलं, इतक्या जवळच्या लोकांनी पाकिटाचं एवढं करावं? झालं. तुमच्या आई-बाबांच्या लग्नालाही समोरचं घर नव्हतं.

हे मला माहीत असल्यामुळे मी आधी पेढीवर जाऊन आज्जीला विचारलं. तिनं चष्मा वर केला.

"जावा की. तुमचं काय भांडण हाय?" मग मी वळल्यावर म्हणाली, "फकस्त च्या पिऊ नका."

मी सामान घेऊन वर गेले. जिना शिडीसारखा उभा. पडवीत स्टूल ठेवलं, मान वर केली, आणि वखार मला पहिल्यांदा पूर्ण दिसली.

पत्रे खाली राहिले होते. त्यांच्या वर खिडक्यांची रांग, प्रत्येक खिडकीवर अर्धगोल रंगीत काचा, हिरवी, तांबडी, पिवळी. खांबांवर चुन्यात काढलेली द्राक्षांची वेल. त्याच्या वर भिंत लाटेसारखी उंचावत मध्यभागी टोकाला गेलेली, आणि तिथे कोनाड्यात एक बाई उभी. गुबगुबीत गाल, कुरळे केस, पायघोळ झालरीचा झगा, एका हातात फुलांचं कडं, दुसरा हात वर. आणि खांद्यांच्या मागे चांगले ऐसपैस दोन पंख.

"ही परी आहे," मी म्हणाले.

"परीच हाय," आक्का म्हणाल्या. "आमचा सासरा सांगायचा, गवंड्यानं कापडाच्या गठ्ठ्यावरचं चित्र बघून केलीया. सकाळी उठलं की आमाला देवाच्या आदी हीच दिसती."

मी पेन्सिल हातात धरून बसले. इमारतीचं प्रमाण कसं घ्यायचं, सावली हलायच्या आत तिच्या कडा कशा आखून ठेवायच्या, ऊन पडलेल्या भिंतीसाठी कागद कोरा कसा सोडायचा, हे सगळं मला शिकवलेलं होतं. नव्या घरावर जिच्यासाठी कोनाडा तयार आहे ती लक्ष्मी लक्ष्मीच नाही, हे विहिणीला कसं सांगायचं, ते सरांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मला दिसतं तेच मी काढते. त्या सकाळी पेन्सिलीचं काम झालं आणि आकाशाला हात घातला. आकाश ओलं असतानाच खालून बोदं हलवायला सुरुवात झाली. तंबाखूची धूळ उठली, मला शिंका आल्या, आणि निळ्या आभाळावर बारीक तपकिरी कण येऊन बसले. पुसायला गेले तर अजून पसरले. आक्कांनी तेवढ्यात स्टीलच्या पेल्यात चहा आणून पाण्याच्या डब्याशेजारी ठेवला. मी शब्दाला जागून तो प्यायले नाही. पण शिंकांच्या नादात ब्रश डब्याऐवजी चहात बुडवला आणि सरळ भिंतीवर फिरवला. जुन्या चुन्याचा असा सुरेख रंग मला कोणत्याच ट्यूबमधून कधी मिळाला नव्हता. मग बाकीची भिंतही मी चहानंच रंगवली.

दुपारी आज्जीला चित्र दाखवलं. तिनं ते हातभर लांब धरलं.

"आभाळ बरोबर हाय," ती म्हणाली. "निपाणीचं असंच असतंय." मग बोट वर सरकलं. "ही कोण?"

"तुमच्या कोनाड्यात जी आहे ती."

"पंख कशाचं?"

"तिचेच."

आज्जीनं चित्र खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, उलट फार नीट झाला, म्हणजे मामला गंभीर. "ईनबाई, त्या घरात बसून काढलंय न्हवं? त्या आक्कानं सांगितलं आसंल तसं."

मी फोनमधला फोटो दाखवला. तो मी आधीच काढून ठेवला होता. तिनं दोन बोटांनी तो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"आजकाल फोटोत कुणाला बी पंख लावता येत्यात," ती म्हणाली. "आमच्या नातीनं मला मांजराचे कान लावलेलं."

ती नात म्हणजे तूच. तेव्हा यात तुझाही थोडा हात आहे.

मला रागही आला आणि हसूही. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू गेलं. नव्या घराच्या दारावरचा कोनाडा तिनं स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. मामाला तिथे साधी काच हवी होती. तिनं सांगितलं होतं, वखार तुझी, दुकानं तुझी, मला तेवढी लक्ष्मी आणून दे. आता तिथे एक झग्यातली परी येणार, नाहीतर कोनाडा रिकामा राहणार. गाव विचारणार. आणि इतकी वर्षं ती रोज सकाळी नेमकी कोणाला हात जोडत होती?

"विहीणबाई," मी म्हणाले, "माझं ऐकू नका, फोटोचंही नको. चित्राला अजून एक सकाळ लागणार आहे. तुम्ही वर येऊन स्वतः बघा."

"मी त्या घराची पायरी चढणार न्हाय," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागली.

पुढच्या आठवड्यात मी परत गेले. रंगाचा शेवटचा हात राहिला होता, खिडक्यांमधला अंधार, वेलीखालच्या सावल्या. फिकट आधी आणि गडद शेवटी, हा जलरंगाचा क्रम मला फार आवडतो. घाई करणाऱ्याला तो शिक्षा करतो. पडवीत बसून मी एकेक काच भरत होते, आक्का शेजारी बसून शेंगा फोडत होत्या आणि कुठल्या खिडकीत तुमची आई अभ्यासाला बसायची ते मला सांगत होत्या. जिन्यावर पावलं वाजली. मध्येच थांबली. परत वाजली.

आज्जी वर आली. दम लागला होता. पदर सारखा करून ती दारातच उभी राहिली. आक्का उठल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"बोलावणं पोस्टानं यील म्हणून वाट बघत हुतो," आज्जी म्हणाली. "आलं न्हाय. म्हणलं आपणच जावं."

मी ब्रश पाण्यात घालून नुसताच फिरवत राहिले.

"पोस्टमन आता ह्या बोळात येत न्हाय, वैनी," आक्का म्हणाल्या. "कुरियरवाला येतोय. त्येला तुमचा पत्ता ठावं न्हाय."

"समोरचंच हाय म्हणून सांगायचं."

"बसा."

आज्जी बसली नाही. ती गजांपाशी गेली आणि वर पाहिलं. समोर ऊन पडलं होतं, कोनाड्यातली परी अगदी स्वच्छ दिसत होती. आज्जी खूप वेळ बघत होती. आक्कांनी शेंगांची परात बाजूला सारली. खाली एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तो कोणालाच ऐकू येत नव्हता.

"पंख हायत," आज्जी म्हणाली.

"व्हय."

"आदीपासनं?"

"मी आलो तवापासनं तर हायत."

"आनि मला कदी सांगितलं न्हाईसा."

"बोलत कुठं होतो आपण?"

"त्याच्या आदी बोलत हुतो की. किती वर्सं. मिठापासनं मिरच्यापर्यंत सगळं बोलत हुतो."

आक्कांनी पदरातली टरफलं झटकली. मग म्हणाल्या, "तुमी रोज सकाळी खाली हुबं राहून हात जोडत होता, वैनी. मी हितनं बघत होतो. कसं सांगू?"

आज्जीनं परत एकदा वर पाहिलं, मग खुर्चीत बसली, गुडघ्यांवर हात ठेवले.

"मग माझं बी ऐका," ती म्हणाली. "तुमच्या घरावर काय हाय?"

"सिंह," आक्का म्हणाल्या. "दोन सिंह. सिंहाची वखार म्हणून गाव वळखतंय."

"डाव्या सिंहाला तोंड न्हाय. गेल्या वळवात पडलं. मी माडीच्या खिडकीतनं रोज बघतो. नुसती मान हाय, नि वर गवत उगवलंय."

आक्कांचा हात नाकातल्या चमकीवर गेला. "तोंडच न्हाय?"

"आयाळ हाय."

"आनि तुमी सांगितलं न्हाईसा."

"बोलत कुठं हुतो आपण?" आज्जी म्हणाली.

मग दोघी एकदम हसायला लागल्या. आज्जीला असं हसताना मी तुमच्या आईच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. डोळे पुसत आक्का आत गेल्या आणि तीन पेले घेऊन आल्या. आज्जीनं एक घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "साखर कमी हाय." आक्का म्हणाल्या, "डागदरनं बंद केलीया." मग मीही माझा पेला उचलला. बंदी उठली होती असं मी धरून चालले. या वेळी ब्रश मात्र लांब ठेवला.

संक्रांत झाली आणि वखार उतरवायला सुरुवात झाली. आज्जीनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. आम्ही तिघी आक्कांच्या पडवीत बसलो होतो. मी रंग नेले नव्हते. परीचं काय करायचं हे आज्जीनं तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं, विचारायची माझीही छाती झाली नव्हती. मामा खाली रस्त्यात उभा होता. आधी पत्रे निघाले, आणि बोळात इतका उजेड आला की आजूबाजूचे दुकानदार बाहेर येऊन वर बघायला लागले. मग गोकाककडचा गवंडी परांची बांधून कोनाड्यापाशी चढला. पाठीमागचा चुना छिन्नीनं सोडवता सोडवता त्यानं कानडीत विचारलं, अव्वा, ह्या लक्ष्मीला पंख कसे? आज्जीनं पडवीतूनच त्याला कानडीत ठणकावलं, तू तुझं काम कर.

तेवढ्यात डाव्या पंखाला तडा गेला. कडकन आवाज झाला, पंख सुटला आणि खाली रचलेल्या पत्र्यांवर पडून त्याचे तुकडे झाले. गवंड्यानं छिन्नी टाकून कानाला हात लावले. खालून मामा ओरडला, "आई, राहू दे का आता?"

बोळात सगळे आज्जीकडे बघायला लागले. तिनं क्षणभर त्या एकपंखी बाईकडे पाहिलं.

"दुसरा बी काढ," ती म्हणाली.

"काय म्हणतीस?"

"दुसरा बी काढ म्हणतो. एका पंखानं ती काय उडणार हाय? आनि नव्या घरातनं तिला जायाचं तरी कुठं हाय?"

गवंड्यानं दुसरा पंख उतरवला, हा मात्र अगदी हलक्या हातानं. खांद्यांवरचे उंचवटे घासून घेतले. आक्का माझ्या शेजारी बसून बारकाईनं बघत होत्या. "झालर झाकाय पायजे," त्या म्हणाल्या. "निऱ्या काढून घ्या, वैनी. आनि लुगडं हिरवं करा, लाल नको. लाल उन्हात लवकर उडतंय."

आता ती नव्या घराच्या कोनाड्यात आहे. हिरवं लुगडं, सोनेरी काठ, कपाळावर कुंकू. केस कुरळेच राहिले. वास्तुशांतीचं बोलावणं करायला आज्जी बोळात स्वतः गेली आणि आक्कांच्या हातावर अक्षता ठेवून आली. पूजेला आलेले भटजी मूर्तीकडे बघून "फार जुनी घडण दिसते" एवढंच म्हणाले. आक्का पुढच्याच रांगेत बसल्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. जेवताना मी आज्जीला हळूच विचारलं, बोळानं नुसते पंख पाहिले, पण ती मुळात कापडाच्या गठ्ठ्यावरची परी हे आक्का कुठे बोलल्या तर? "बोलणार न्हाय," ती म्हणाली. "तिच्या सिंहाचं मला ठावं हाय." सिंहाला अजून तोंड बसवलेलं नाही. त्या म्हणतात, गवंडी मिळत नाही. मला वाटतं, दोघींनाही ते तसंच बरं आहे.

राहता राहिलं माझं चित्र. सरांनी ते पाहिलं आणि या वेळी घर सरळ आहे की वाकडं याबद्दल काही बोलले नाहीत. मी त्याला काच लावून निपाणीला घेऊन गेले. आज्जीनं ते दिवाणखान्यात सोफ्यावर टेकवून ठेवलं, लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. काचांचे रंग, द्राक्षांची वेल, तुमच्या आईची खिडकी, सगळ्यांवरून बोट फिरवलं. मग बोट वर जाऊन थांबलं.

"लई झ्याक झालंय," ती म्हणाली. "पंख तेवढे पुसा."

मी तिला समजावून सांगितलं की जलरंग कागदात मुरतो. घासला तर कागद फाटतो, वरून पांढरा रंग थापला तर भिंतीला ठिगळ लावल्यासारखं दिसतं. शिवाय, हे मी थोडं दबकतच म्हणाले, त्या सकाळी तिथे पंख होते.

आज्जीनं माझं सगळं ऐकून घेतलं. चित्र उचललं, पदरानं काचेवरची धूळ पुसली आणि माझ्या हातात परत दिलं.

"मग हितं नको," ती म्हणाली. "पोरांच्याकडं धाडा. तिकडं पंख चालत्यात."